केसेस निरंक

"रायटर, हा रकाना असा गेला तर आपल्याला काही मिळत नाही," ठाणेदार साहेब म्हणाले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. रकाना होता, 'गेल्या वर्षातील दारू पिऊन वाहन चालवण्याच्या केसेस'. त्यात मी सुबक अक्षरात लिहिलं होतं, निरंक.

सरकारी भाषेत निरंक म्हणजे शून्य. शून्य लिहिलं की काम केलं नाही असं वाटतं, निरंक लिहिलं की कसं स्वच्छ वाटतं. आणि रायटर म्हणजे कथा-कादंबऱ्या लिहिणारी नव्हे. ठाण्यात साहेबांची सगळी लिखापढी जो पोलीस करतो त्याला रायटर म्हणतात. मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा ठाण्यात मी ते काम करायची. ठाण्याचं नाव सांगत नाही. आता रिटायर आहे, पण सुखानं राहायचं आहे.

फॉर्म रस्ता सुरक्षेच्या निधीचा होता. प्रस्ताव मंजूर झाला तर नळीत फुंकायचं मशीन मिळणार होतं, बॅरिकेड मिळणार होते, आणि मुख्य म्हणजे वर्षभरासाठी चार होमगार्ड. होमगार्ड एरवी आम्हाला सणावाराच्या बंदोबस्तापुरते मिळत. खरी गरज माणसांचीच होती. नाल्याजवळ एक वाईट वळण आहे. बाजाराच्या दिवशी भर दुपारी तिथे एकटे देवराव हवालदार उभे असत. आता पोहरादेवीची यात्रा तोंडावर आली होती आणि त्याच वळणावरून माणसांनी भरलेल्या जीपा, ट्रॅक्टर जाणार होते.

साहेब पुण्याकडचे, नवे. त्यांनी विचारलं, "इथले लोक पीत नाहीत का?"

"पितात ना साहेब. चांगले पोटभर पितात."

"मग केस का नाही एकही?"

"ते देवरावांनाच विचारा," मी म्हटलं आणि त्यांना आत बोलावलं.

देवरावांच्या रिटायरमेंटला तीन महिने उरले होते. माणूस आडदांड, आवाज मात्र देवळात बोलल्यासारखा. म्हणाले, "साहेब, केस कराची म्हनलं का मेडिकल लागते. एका पेलेल्याले घेऊन दवाखान्यात गेलो का माहा आर्धा दिवस खतम. तवर बाकीचे मोकाट. वळनावर कोन उभं राह्यीन?"

खरंच होतं ते. मशीन नसलं की माणसाला सरकारी दवाखान्यात नेऊन रक्त काढावं लागतं, डॉक्टरचा दाखला घ्यावा लागतो. तेव्हा कुठे कलम एकशे पंच्याऐंशीची केस उभी राहते.

"मग तुम्ही करता काय?"

"चावी काढून घेतो. त्याले मनतो, जाय पायी घरी. चावी तुह्या बायकोच्या हातात देईन. तिले पाठव."

साहेबांनी कपाळाला हात लावला. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण मला हसू येत होतं.

देवरावांची पद्धत अशी. दुसऱ्या दिवशी बायको ठाण्यात यायची, पदर घट्ट धरून, भीत भीत. देवराव तिला खुर्ची देत, चहा सांगत, वहीत सही नाहीतर अंगठा घेत. अट एकच. आठ दिवस चावी तिनं स्वतःजवळ ठेवायची आणि नवऱ्यानं दरवेळी तिच्याकडून मागून न्यायची. इकडे गावात चौकातल्या पानठेल्यावर पोरंसोरं त्या नवऱ्याला सोडत नसत. "काहून बे, आज पायीच? चावी जमा झाली वाट्टे!" दंडापेक्षा हे जास्त झोंबायचं. कित्येक जण पुन्हा वहीत दिसलेच नाहीत. काही दिसले. इंझोरीकडची वच्छलाबाई तर इतक्यांदा आली की चहात साखर कमी टाका म्हणून ती स्वतःच ओरडून सांगायची. तिचा नवरा मालवाहू ऑटो चालवायचा. तेव्हा मला या बायांच्या वर्दळीचा त्रास व्हायचा, माझं टायपिंग अडायचं. आज त्या दुपारी आठवल्या की जीव कासावीस होतो. असं ठाणं मला पुन्हा मिळालं नाही.

साहेबांनी वही मागवली. सावकाश वाचली. मग दार लोटून घेतलं.

"हवालदार, ही वही जोडली तर इथे माणसं हवीत हे सिद्ध होतं. पण हेही सिद्ध होतं की तुम्ही गुन्हेगार सोडून दिले. प्रत्येक नावापुढे स्वतःच्या हातानं लिहिलंय, 'सोडून दिला'. कोणी बोट ठेवलं तर तुमची डीई लागेल."

डीई म्हणजे विभागीय चौकशी. रिटायरमेंटच्या तोंडावर ती लागली की पेन्शन अडकते, आणि वर्षानुवर्षं अडकते. असे हेलपाटे घालणारे म्हातारे हवालदार मी पाहिले होते.

देवराव म्हणाले, "लावा वही साहेब. यात्रेत त्या वळनावर कोनाचं लेकरू गेलं तं थे पेन्शन मले गोड लागन का?"

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर भडकलेच. "देवरावभाऊ, डोकं ठिकाणावर हाये का तुमचं? घरी वहिनीले तरी विचारलं का?"

"तिले काय इचारू? बायकोच्या हाती चावी देत जा, हे तिनंच तं सांगतलं होतं मले."

मी वही घेऊन टेबलाशी बसले. गेली कित्येक वर्षं मी साहेबांसाठी शब्द शोधत होते, आता हवालदारासाठी शोधायचा होता. खोटं लिहायचं नव्हतं. वहीवरून नवा तक्ता केला. नावं तीच, गाड्या त्याच, सह्या-अंगठ्यांच्या रकान्याची झेरॉक्स सोबत. फक्त 'केलेली कारवाई' या मथळ्याखाली मी 'सोडून दिला' ऐवजी लिहिलं, 'वाहनाची चावी ताब्यात घेऊन कुटुंबीयांचे समुपदेशन करण्यात आले'.

साहेब वाचून थांबले. "समुपदेशन? म्हणजे तो चहा?"

"चहा आणि बोलणं, साहेब. समुपदेशनात दुसरं काय असतं?"

ते हसले आणि सही केली.

वाशिमला बैठक झाली. मी फाईल धरून मागे उभी. टेबलावरचे एक मोठे साहेब झेरॉक्सवरचे अंगठे बराच वेळ बघत राहिले. देवरावांचं काही खरं नाही, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "हे हवालदार समुपदेशन करतात, त्यांचं ट्रेनिंग कुठे झालं?"

ठाणेदार साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "घरी, सर."

सगळे हसले. प्रस्ताव मंजूर झाला. आठ दिवसांनी पत्र आलं. चार होमगार्ड, एक मशीन, बॅरिकेड. चौकशीबद्दल एक शब्द नाही. मी देवरावांना पेढा दिला आणि पत्र फाईलला लावलं. पत्राच्या शेवटी बारीक टायपात एक ओळ होती. 'यापुढे प्रत्येक प्रकरणात कलम १८५ अन्वये केस करणे बंधनकारक राहील.' ती मी वाचली, पण आनंदात मनावर घेतली नाही.

यात्रा नीट पार पडली. वळणावर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. देवराव त्या चार पोरांना हात धरून धरून शिकवत होते, गाडी कशी थांबवायची, अंगावर न येता कसं उभं राहायचं.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात वच्छलाबाई आली. नवऱ्यानं आदल्या दुपारी मशीनमध्ये फुंकलं होतं. केस झाली होती, ऑटो आवारात जमा होता. तिनं हात पुढे केला. "द्या भाऊ चावी."

"आता माह्या हाती नाई ना माय. कोर्टातून सुटते आता."

"मंग मी जाऊ का कोर्टात?"

"तू नाई. गाडी त्याच्या नावावर हाये. चावी त्यालेच भेटन."

"चावी माह्यापाशी राहे तवर थो मले इचारे भाऊ, जाऊ का मनून. तेवढे आठ दिवस तं इचारे." मग म्हणाली, "मंग मले काहून बलावलं?"

देवराव खाली बघत म्हणाले, "कोनी नाई बलावलं माय. तूच आली."

चार दिवसांनी देवराव शाल-श्रीफळ घेऊन, पूर्ण पेन्शनसह घरी गेले. वळण अजून सुरक्षित आहे, हे मी नाकारणार नाही. माणसं मागितली होती, माणसं मिळाली. नव्या रायटर पोरी मला कधीकधी प्रस्ताव कसा लिहायचा ते विचारतात. मी सांगते, प्रस्ताव कसाही लिहा, मंजुरीच्या पत्राची शेवटची ओळ मात्र पेढे वाटायच्या आधी वाचा.