उजव्या डोळ्याचा बॅनर

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात फोटो काढणारा गृहस्थ माझं नाव कधीच लक्षात ठेवत नाही. "या, उजवा डोला, बसा!" म्हणतो. माझ्या उजव्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या जन्मापासून जाड आणि वेड्यावाकड्या आहेत. असा डोळा डॉक्टरांनीही पुस्तकातच पाहिला होता. आत कधी रक्तस्राव झाला तर नजर जाईल, म्हणून दर सहा महिन्यांनी आतला फोटो काढायचा.

"हनुवटी टेकवा. आता हालायचा नाय," असं दटावून तो बटण दाबतो. मग स्क्रीनकडे बघता बघता तोंडातली सुपारी चघळायची विसरतो. "काय डोला हाय! आख्ख्या तालुक्यात नाय असा."

गेल्या महिन्यात माझा वाढदिवस झाला. तारीख त्याला केसपेपरवरून कळलेली. सुकापूरच्या नाक्यावर भला मोठा बॅनर लागला. पुढाऱ्याच्या जागी माझा लालभडक डोळा, त्यावर मुकुट, खाली वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! मी तणतणत दवाखाना गाठला.

"नाव टाकला नाय," तो शांतपणे म्हणाला. "पेशंटचा नाव आमी बाहेर जाऊ देत नाय."

मी तसाच परतलो. पण तेव्हापासून रोज कामावर जाताना मी नाक्यावर थांबतो, डावा डोळा झाकतो आणि उजव्याने बॅनरवरची शीर न् शीर बघतो. सगळं स्पष्ट दिसलं की निघतो.

काल पालिकेची माणसं बॅनर उतरवायला आली. मीच शिडीच्या आडवा आलो.

"राहू द्या हो दादा," म्हणालो, "अजून दिसतंय मला."