निजलेली ऊब

बंद पडलेली कुठलीही वस्तू आमिनाबी आधी कानाशी नेऊन हलवायच्या. घड्याळ, कंदील, नारळ. एकदा तर ओटीवर पेंगलेला मी. "रुसलंय, मेलं नाय," हा त्यांचा निकाल ठरलेला. दहिवलीत आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, त्यामुळे तो आम्हालाही ऐकू येई.

त्यांच्या नवऱ्याचं नेरळला जुन्या सामानाचं दुकान होतं. माथेरानचा बंगला मोडून गेलेल्या एका साहेबाचा चपटा पत्र्याचा डबा त्यांनी घरी ठेवून घेतला होता. आगगाडीत साहेब लोक असले डबे पायांखाली घेत. आत कसलासा क्षार, तोंड कथलाचा डाख देऊन बंद. उकळत्या पाण्यात ठेवला की क्षार वितळे आणि मग गोठता गोठता बराच वेळ ऊब देई.

आमची कमळ दिवस भरण्याआधीच जन्मली, ऐन पौषात. एवढीशी पोर, अंगात ऊब धरीना. आमिनाबींनी डबा तापवून, दुपट्यांत गुंडाळून तिच्या कुशीला ठेवला. सकाळी त्या पाण्याला गेल्या आणि डबा गार पडला. पोरीचे ओठ निळसर दिसू लागले. "संपला हो डबा," माझी बायको रडत म्हणाली. मी चूल फुंकू लागलो, तोच आमिनाबी आल्या. सवयीनं त्यांनी डबा कानाशी धरला. आत खळखळ वाजलं.

"रुसलाय, मेला नाय. ऊठ रं, पोर खोळंबलीय!" म्हणत त्यांनी तो गदागदा हलवला. खळखळ थांबली. "या अल्ला, भाजलं की!" त्या स्वतःच दचकल्या.

दुपारपर्यंत कमळचे ओठ गुलाबी झाले.

पुढे मी पुस्तकात शोधलं. हा क्षार कधी कधी गार होऊनही गोठत नाही. धक्का बसला की गोठतो आणि अडलेली सुप्त उष्णता बाहेर येते. आमिनाबींना तसं सांगितलं.

"म्हंजे निजलेली ऊब म्हना की, मास्तर. सरळ बोलाया तुमचं काय जातं?"

कमळ लग्नाची झाली तेव्हा आमिनाबी अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचे पाय गार पडत. कमळ रोज डबा तापवून पायांशी ठेवी. त्या शेवटच्या दुपारी तो पुन्हा तसाच गार पडला. कमळनं उचलून कानाशी नेला. "चाची, रुसलाय बघा."

"ऱ्हाऊ दे गं," त्या हसल्या. "निजलाय तर निजू दे. मला पुरली ऊब."

कमळ माहेरी आली की आधी आता आमच्या फडताळात असलेला तो डबा पुसते. हलवत मात्र नाही.