एकाच नंबरच्या दोन रायफली

वर्लिन स्ट्राउड खिशात नेहमी दोन वस्तू ठेवायचा. एक पेनाएवढी टॉर्च, दुसरं घड्याळजी वापरतात तसलं भिंग. आमच्या पार्डीच्या जत्रेच्या मैदानावर दर सप्टेंबरात जुन्या बंदुकांचा बाजार भरतो. तिथे वर्लिन येताना दिसला की निम्मे विक्रेते कॉफी प्यायला उठून जात. तो किंमत कधी विचारायचाच नाही. रायफल उलटी करायचा, भिंग डोळ्याला लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "स्क्रूच्या खाचा बघ. कोणीतरी हात घातलाय. नळीवरचा रंग मागच्या वर्षीचा आहे, आणि हा सांगतोय आजोबांची!"

दहातल्या आठ वेळा त्याचंच खरं निघायचं. उरलेल्या दोन वेळा तो माफी मागायचा नाही.

लाकडाच्या मिलमध्ये मी त्याच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं काढली, म्हणून मला ठाऊक आहे, हा संशय फक्त बंदुकांपुरता नव्हता. पोस्टातून पाकीट आलं की तो आधी चिकटवलेली कड तपासायचा. जावई ख्रिसमसला गोड बोलला की आठवडाभर बायकोला, डेलोरिसला, विचारत बसायचा, "ह्याला नक्की काय हवंय?" त्याच्या मागच्या खोलीत खालची लिव्हर ओढून गोळी भरायच्या एकोणीस जुन्या रायफली होत्या. तिची किल्ली डेलोरिसकडेही नव्हती.

एकाच माणसावर त्याने कधी भिंग रोखलं नाही, तो ऑरिन लुंडबर्ग. ऑरिन मिलमध्ये करवतींच्या दातांना कानशीने धार लावायचा. अठ्ठ्याऐंशी साली वर्लिनची दोन बोटं करवतीत गेली तेव्हा ऑरिन दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी बसून होता. तिथेच तो म्हणाला, "ऊठ लवकर. बापाची शहाऐंशी तुला दिली." म्हणजे त्याच्या वडिलांची १८८६ मॉडेलची विंचेस्टर रायफल. वर्लिन दहा वर्षं तिच्यावर डोळा ठेवून होता. पुढे नव्वदच्या वसंतात ऑरिनने ती खरंच आणून दिली. वर्लिनने तिला खोलीत मधोमध जागा दिली. बाजारात तो ती काचेच्या पेटीत मांडायचा, खाली नंबराची पाटी लावून: ७४६१९. विकायची कधीच नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या बाजारात त्या पेटीसमोर एक बाई येऊन उभी राहिली. मार्सी पेल्की तिचं नाव. केटल फोर्क नदीच्या पुलापलीकडे राहते, शाळेची बस चालवते. तिच्या हातात जुन्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मिस्टर स्ट्राउड, तुम्हाला यातलं कळतं म्हणतात. बाबा वसंतात वारले. शेड आवरताना हे सापडलं."

तिने ब्लँकेट उघडलं. आत गंजाने खाल्लेली एक शहाऐंशी होती. दस्ता जवळजवळ कुजून गेलेला, लिव्हर जागीच घट्ट बसलेली. वर्लिन हसला. "हिचं दार अडवायला वजन कर, बाई." मग सवयीने त्याने लिव्हरमागच्या पट्टीवर, जिथे नंबर ठोकलेला असतो तिथे, टॉर्च टाकली, आणि त्याचं हसू गेलं. मी वाकून बघितलं. रॉकेलने घासून मार्सीने तेवढा भाग साफ केला होता. ७४६१९.

"कुठून आणलीस?"

"सांगितलं ना, बाबांच्या शेडमधून."

"आणि हा नंबर कोणी ठोकला? माझी पाटी वाचून गेलीस आणि हे बनवून आणलंस. आता म्हणशील, आमची चोरीला गेलेली रायफल या म्हाताऱ्याकडे आहे!"

आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. मार्सीचा चेहरा लालबुंद झाला. "मला काय करायचंय तुमच्या रायफलीचं? ही काय आहे एवढंच विचारायला आले होते मी." तिने ब्लँकेट गुंडाळलं आणि ती निघून गेली.

वर्लिन दुपारीच पेटी गुंडाळून घरी गेला. त्याने दाराचं कुलूप बदललं. मार्सीच्या गाडीचा नंबर त्याने लिहून घेतला होता. तीन दिवस तो मला फोन करत राहिला. "लेस, तिचा बाप काय करायचा? गिल पेल्की ना? तो धातूकाम करायचा का? तिच्या घरी कोण कोण येतं?" मी म्हणालो, गिल मासे पकडायचा आणि फार बोलायचा नाही. "हेच!" वर्लिन म्हणाला. "न बोलणारीच माणसं."

चौथ्या दिवशी तो मला घेऊनच तिच्या घरी गेला. तिला रंगेहाथ पकडायचं होतं. शेडमध्ये नंबर ठोकायचे ठसे सापडतील अशी त्याची खात्री होती. मार्सीने दार उघडलं, आम्हाला पाहिलं आणि मला वाटलं, आता ते आमच्या तोंडावर आपटणार. पण ती म्हणाली, "या, बघा. काय शोधायचंय ते शोधा."

शेडमध्ये गळ, जाळी, बोटीचं इंजिन. ठसे नाहीत, भट्टी नाही. वर्लिनने डबे उपडे केले, फळीमागे हात घातला. मार्सी दारात हाताची घडी घालून उभी. मग ती आत जाऊन एक फोटो घेऊन आली. नदीचं पाणी अगदी खाली गेलेलं, अडकलेल्या ओंडक्यांचा ढीग आणि त्यावर गिल पेल्की, चिखलाने माखलेली रायफल डोक्यावर धरून हसतोय. मागे पेनाने लिहिलेलं: केटल फोर्क, ऑगस्ट ९२.

वर्लिनने फोटो उलटा केला, सुलटा केला, भिंगातून पाहिला. शाई जुनी होती, कागद जुना होता, आणि बाजारात पाहिलेल्या त्या आकड्यांच्या खाचांतही जुना गंज मुरलेला होता. पेटीतली पाटी त्याने पहिल्यांदा लावली ती २००१ साली. म्हणजे ब्याण्णवमध्ये तो नंबर कोणालाच माहीत नव्हता. वर्लिनला, मला आणि ऑरिनला सोडून.

परतताना त्याने गाडी थेट आपल्या घराकडे वळवली. घराशी आल्यावर म्हणाला, "आत ये."

चौतीस वर्षांत त्याने ऑरिनच्या रायफलीचा एकही स्क्रू उघडला नव्हता. इतरांच्या उघडायचा, हिचा नाही. तीन बोटांच्या हाताने त्याने दस्ता सैल केला. लाकडाखाली लपलेली पट्टी उजेडात आली. त्याने खिशातून भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही. गरजच पडली नाही. लोखंडावर कानशीचे बारीक, तिरके फटकारे होते, डावीकडून उजवीकडे, शेवटी किंचित उचललेले. मिलमध्ये आम्ही दोघांनी करवतीच्या हजारो दातांवर तसेच फटकारे पाहिले होते. डावखुऱ्या माणसाचा तो हात आमच्या जिल्ह्यात एकच होता, ऑरिनचा.

"याने खरी विकली," वर्लिन म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू येईना. "विकली, आणि मला ही चिकटवली. मी रोज बघत होतो, लेस. रोज."

मी म्हणालो, विकलेली रायफल नदीत कशी सापडेल? त्याच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. ऑरिनने आजवर दिलेली प्रत्येक वस्तू तो मोजायला लागला. हरणाचं मांस, पंप, बर्फ उपसायचं यंत्र. त्या सगळ्यात काय लपलं असेल?

ऑरिन आता एक्याऐंशीचा. छोट्या ट्रेलरमध्ये एकटा राहतो, नाकात ऑक्सिजनची नळी. वर्लिनने सुटा केलेला दस्ता त्याच्या टेबलावर ठेवला, शेजारी रायफल.

ऑरिनने पट्टीवरच्या फटकाऱ्यांवरून अंगठा फिरवला. "उशीर केलास," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात येशील."

"खरी कुठे गेली?"

"नदीत. एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात. तुला द्यायच्या आधी शेवटची एक शिकार करावी म्हणून घेऊन गेलो. केटल फोर्कवर बोट उलटली. मी वर आलो, ती नाही आली. दोन दिवस बुड्या मारल्या. तेव्हा छाती धरली ती आजही सोडत नाही."

"मग सांगायचं होतंस, गाढवा!"

"काय सांगायचं होतं? 'वर्लिन, तुला कबूल केलेली रायफल तुला द्यायच्या आधीच बुडाली'?" ऑरिनला धाप लागली. तो थांबला. "खरं सांग. विश्वास ठेवला असतास?"

वर्लिन टेबलावरचा दस्ता हातात फिरवत राहिला. मी त्याला इतक्या वर्षांत कधी इतका वेळ विचार करताना पाहिलं नव्हतं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं असतं, बेट्याचं मन फिरलं. लपवून ठेवली."

"हेच. म्हणून स्पोकेन शहरातून दुसरी शहाऐंशी आणली. अख्खा हिवाळा बसलो. तिचा नंबर कानशीने काढला, बापाच्या रायफलीचा ठोकला, अक्रोडाचा दस्ता घडवला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे ते माझं, आणि कोणाला दाखवता नाही आलं."

वर्लिन उठला. मला वाटलं, चालला. पण त्याने टेबलावरची रायफल उचलली, उजेडात धरली आणि आता मात्र भिंग लावून अगदी सावकाश पाहिली, दोन्ही बाजूंनी. "सातचा पाय किंचित वाकडा आलाय," तो म्हणाला.

"थंडी होती, लेका. हात कापत होता."

त्यांच्यात दिलजमाई झाली असं मी म्हणणार नाही. महिनाभर वर्लिन ऑरिनकडे फिरकला नाही. डेलोरिस सांगत होती, मागच्या खोलीत दिवे लावून बाकीच्या अठराही रायफली एकेक करून उघडत बसतो. मार्सीकडे मात्र तो मला घेऊन गेला. टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "माझं चुकलं." हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. गंजलेली रायफल विकत मागायला आला असेल असं तिला वाटलं. त्याने मागितली नाही. कोणाची होती, कशी बुडाली, ते सांगितलं. मार्सीने ती आपणहून ऑरिनला नेऊन दिली. ती आता त्याच्या पलंगाच्या वर आहे.

नोव्हेंबरात हरणांचा मोसम सुरू झाला. वर्लिनने मला सकाळी बोलावलं. गाडीत मागे शहाऐंशी होती, तीच. किंमत कमी होईल म्हणून त्याने तिच्यातून आजवर एकही गोळी झाडली नव्हती. "आता किंमत कसली?" तो म्हणाला. पुढच्या सीटवर ऑरिन बसला होता, मांडीवर ऑक्सिजनची टाकी, आणि कॉफीचा थर्मास.

आम्ही त्याला गाडीतच ठेवून उतारावर चढलो. नऊच्या सुमारास एक नर हरीण झाडीतून बाहेर आलं. वर्लिनने लिव्हर ओढली. इतकी मऊ चालली की तो क्षणभर थांबून हाताकडेच बघत राहिला. मग त्याने नेम धरला. एकच गोळी पुरली.

खाली आलो तर ऑरिनने काच उतरवली होती, गारठ्यात कानामागे हात धरून ऐकत बसला होता.

"गोळी उजवीकडे ओढते का?" त्याने विचारलं.

"नाही," वर्लिन म्हणाला. "सरळ जाते."

ऑरिन त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत राहिला. "खरं सांगतोयस ना?"