सात एकांची सरस्वती

माझा मामा पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी आकडा विचारायचा. सोयरा असो की पोस्टमन, ओसरीवर टेकला की मामाने पाटी पुढे सरकवलीच. तिच्यावर ओळीने सात एक: ११,११,१११. "याले कशानं भाग जाते, सांग." पाहुणा तीनने, सातने, अकराने करून दमला की मामा खूश. मग आतून चहा यायचा.

मामा दारव्ह्याच्या शाळेत गणित शिकवायचा. दसऱ्याला पाटीपूजनात सगळेच एकाचे आकडे मांडून सरस्वती काढतात. आमच्या घरी मात्र तिच्यात मोजून सातच एक. तरुणपणी त्याने एकेक मूळ संख्या घेऊन हजाराच्या थोडं पुढपर्यंत भागाकार केले होते, त्यापुढे करायची गरजच नसते म्हणायचा. कशानेच भाग गेला नव्हता. "अकरा लाखाचा धनी, पण कोणाच्या हाती लागत नाही," असं कौतुकाने सांगायचा.

मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, मी लहानपणापासून त्यांच्याकडेच शिकायला. साठ सालच्या सुमाराला मॅट्रिक झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात जाते म्हटलं. मामाने पाटी पुढे केली. "याले भाग देऊन दाखव, मंग जाय."

असा संताप आला मला! जे होतच नाही म्हणतो, त्याचीच अट घालतो. मामीने त्याला विचारलंही, पोरीले काहून छळता म्हणून. तो नुसता मिशीत हसला.

मीही हट्टाला पेटले. भर उन्हाळ्यात अंगणातल्या कडुलिंबाखाली बसून त्याच मूळ संख्या नव्याने घेतल्या. पाटी पुसून पुसून परकराचा काठ पांढरा झाला. आणि दोनशे एकोणचाळीसवर बाकी शून्य! विश्वासच बसेना. उलटा गुणाकार केला, २३९ गुणिले ४६४९. सातही एक समोर उभे.

मामाने तो गुणाकार स्वतः केला, पुन्हा केला. मग भागाकार तोंडाने म्हणत म्हणत एका जागी थांबला. "हातचा सुटला माहा," म्हणाला आणि असा हसत सुटला की मामी चूल सोडून बाहेर आली. इतकी वर्षं गावाले खोटं सांगून राह्यलो, म्हणत डोळे पुसत होता. अमरावतीला तोच सोडायला आला. एसटीत शेजारच्याला, कंडक्टरला, सगळ्यांना आपली चूक सांगून झाली. होस्टेलच्या फाटकावरच्या चौकीदारालाही सांगितली. तो परत फिरला तेव्हा मला रडू आलं.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तो पहिला दसरा विसरत नाही. सुट्टीत घरी आले तर पाटावर सात एकांची सरस्वती होतीच. तिच्याखाली मामाने आपला जुना चुकलेला भागाकार मांडला होता आणि सुटलेल्या हातच्यावर हळदकुंकू वाहिलं होतं. चुकीची कसली पूजा करतोस, मी विचारलं.

"तो सुटला नसता तं मी अट घातलीच नसती, माय," मामा म्हणाला. "तुले साधं नाही म्हटलं असतं. अन् तू आयकलं असतं."