आधी नवऱ्याला आण

"आधी नवऱ्याला आण," डॉक्टरबाई म्हणायच्या. मूल होत न्हाई म्हणून बाई रडत येऊ दे न्हाईतर सासूला घिऊन येऊ दे, नवऱ्याबिगर तपासायच्याच न्हाईत. सोडाला भागातल्या त्यांच्या दवाखान्यात मी झाडलोट करते, नंबर पुकारते. माझे मालक फौजेत हुते, म्हणून साताऱ्याकडची मी जयपुरात आले. ते वारले, मी हितंच राहिले.

डॉक्टरबाई आपल्याच, नागपूरकडच्या. नवरे लई कुरकुरायचे. एक जण म्हणाला, "मॅडम, मुझमें क्या खराबी होगी?"

"वही तो देखना है, भैया."

जगतपुऱ्याची एक मराठी पोरगी यायची. नवऱ्याचं ठीक निघालं, हिचं अंडं पिकत नव्हतं. बाईंनी गोळ्या दिल्या. दुसऱ्याच दिवशी सासूनं पाकीट टेबलावर आपटलं.

"ही तर कॅन्सरची गोळी! औषधवाल्यानं सांगितलं. बास झालं, पोराचं दुसरं लगीन लावते."

पोरगी भिंतीकडं बघत बसली.

बाई चिडल्या न्हाईत. "तो खोटं नाही बोलला, आजी. गोळी तिकडेही चालते. अंगात एंझाइम असतात, कामगार समजा. त्यातला एक पुरुषी हार्मोनचं बायकी हार्मोन करतो. काही कॅन्सर त्या हार्मोनवर पोसतात, म्हणून तिथं या गोळीनं त्याचं काम बंदच ठेवतात. इथं त्याला थोडेच दिवस सुट्टी. मग मेंदूला वाटतं, माल कमी पडला. तो जोरात हुकूम सोडतो, अंडं वाढतं."

"आन् न्हाई वाढलं तर?"

"तर दुसरा उपाय बघू. पण दोष पोरीचा नाही."

मी दारात झाडू घिऊन उभी. मलाबी मूल झालं न्हाई. माझी सासू मला पंगतीत बसू द्यायची न्हाई, ताट पडवीत सारायची. आमाला कुणी तपासलं न्हाई, ना मालकांना, ना मला. 'दोष नाही' असं कुणी म्हणतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. तेबी दुसरीसाठी. मग फरशी पुसायची हुती, ती पुसली.

सासूनं पाकीट उचललं, सुनेच्या पर्समधी कोंबलं. "बघू ह्या खेपेला," म्हणाली.

उन्हाळ्यात डॉक्टरबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं, दुपारी खेळ आटपला.

पावसाच्या तोंडाला पोरगी नवऱ्यासंगं आली, हातात पेढ्यांचा डबा. तिसरा महिना लागला हुता. "मावशी, मॅडम आहेत ना?"

मी सांगितलं. नवऱ्यानं तिच्या हातातनं डबा काढून घेतला, तिला बाकावर बसवलं.

आत नवी डॉक्टर हुती. मी नंबर पुकारला. पोरीनं डोळं पुसलं, ओढणी नीट केली आन् आत गेली.