उत्तर माहीत नसलेला प्रश्न

ट्रेनिंग घेणाऱ्यांना प्रमाणपत्रं मिळतात, देणाऱ्यांना किस्से. माझ्याकडे आता ते इतके साठलेत की घरी पाहुणे आले की बायको आधीच दम भरते, "त्यांना चहा तरी गरम पिऊ दे, मग सुरू कर!" पण गप्प बसणं मला कधी जमलंय?

मी आणि मुनीरसर एका संस्थेतर्फे रायगडच्या किनाऱ्यावरच्या शाळांमधून फिरतो. रेवसपासून खाली बोर्ली पंचतनपर्यंत. इतिहासाच्या शिक्षकांना शिकवण्याच्या नव्या पद्धती सांगायच्या, हे आमचं काम. मी बोलतो. मुनीरसर प्रोजेक्टर चालवतात आणि मी फार बोलायला लागलो की मला आवरतात. सांगणं साधंच आहे. धडा वाचून दाखवू नका, पोरांना पुरावे शोधायला लावा, आणि वर्षातून एकदा तरी वर्गात असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालासुद्धा माहीत नाही.

सहा वर्षं हेच सांगतोय. यंदा संस्थेच्या मॅडमनी मुंबईला बोलावून घेतलं आणि स्वच्छ सांगितलं, "फीडबॅक फॉर्म सगळे छान आहेत. पण मला असा एक वर्ग दाखवा. एकच! दिवाळीपर्यंत. नाहीतर पुढच्या वर्षीपासून हे ट्रेनिंग बंद."

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. एसटीत बसलो तरी पाय हलत असतो. परवा शेजारची बाई शेवटी म्हणालीच, "भाऊ, पाय आवरा. माझ्या पिशवीत अंडी हायत!"

* * *

बोर्लीची गोष्ट. चाळीस शिक्षक. मी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि म्हटलं, "ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही, असा एक प्रश्न यावर लिहा."

दहा मिनिटं सगळे पंख्याकडे बघत बसले. एक सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, मी लिहिलाय. आता याचं उत्तर देऊन टाका, म्हणजे पोरांना उतरवून देतो."

मी डोक्याला हात लावला. तोवर मुनीरसरांनी चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या. चाळीसपैकी सव्वीस चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न.

'जेवणाची सुट्टी किती वाजता?'

मी भडकलो. मुनीरसर शांतपणे म्हणाले, "रागावताय कशाला? नियमात बसतंय. उत्तर त्यांना खरोखरच माहीत नाही!"

* * *

इतिहासाची साधनं तीन प्रकारची, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. भौतिक, म्हणजे नाणी, भांडी, किल्ले. लिखित, म्हणजे कागदपत्रं. आणि मौखिक, म्हणजे ओव्या, गाणी, जुन्या माणसांच्या आठवणी. एका ट्रेनिंगला मी सांगितलं, "उद्या येताना प्रत्येकाने आपल्या गावातलं एक साधन घेऊन यायचं."

दुसऱ्या दिवशी टेबल भरलं. तांब्याचा हंडा आला, सनद आली, गंजलेलं कुलूप आलं. पाटीलगुरुजी मात्र हात हलवत आले.

"गुरुजी, साधन कुठंय?"

"आणलंय की! मौखिक हाय. व्हरांड्यात बसलंय."

बाहेर बघतो तर त्यांच्या सासूबाई! नऊवारी, कनवटीला पानाची चंची. खुर्चीत अशा बसलेल्या, जणू उद्घाटनाला आल्यात. त्यांना आत आणलं. त्या तासभर बोलल्या आणि काय बोलल्या! मिठागरावरचं मीठ डोक्यावरून कसं वाहत, त्या वेळी बायका काय गायच्या, मुकादम कसा फसवायचा, आणि मग बायका त्याला कशा फसवायच्या. सगळा हॉल हसत होता.

त्या थांबल्यावर मी माझं कर्तव्य केलं. म्हटलं, "लक्षात ठेवा, मौखिक साधन म्हणजे माणसाची आठवण. ती जशीच्या तशी खरी धरायची नाही. दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघायची."

पाटीलगुरुजींचा चेहरा उजळला. "सर, हे एकदा आमच्या घरी येऊन सांगाल काय?"

सासूबाईंनी तोंडातलं पान गालात सारलं. "ताडून बघ ना! लग्नाच्या आधी म्हणाला व्हतास, दोन वर्सांत हेडमास्तर व्हतो. तेचा कागद दाखव आधी!"

* * *

मग आम्ही नाट्यीकरण आणलं. धडा वाचायचा नाही, खेळायचा. थळच्या बाजूच्या एका तरुण सरांनी ते फारच मनावर घेतलं. समुद्रातला किल्ला, जो वेढा घालून कधीच कोणाला घेता आला नाही, त्या धड्याचा त्यांनी मैदानावर खेळ केला. स्टेजच्या चौथऱ्यावर आठवीची पोरं, ती किल्ल्यातली. खाली सातवीची, ती वेढा घालणारी.

दुपारी सरांचा घाबराघुबरा फोन. "सर, घोटाळा झाला! सातवीने किल्ला घेतला!"

"म्हणजे?"

"जिंकला, सर! वर झेंडा लावून बसलेत. उतरत नाहीत. आता पुढचा धडा शिकवू कसा?"

मी आनंदलो. म्हटलं, "मग विचारा की त्यांना, किल्ला पडला कशामुळे?"

"विचारलं. मधल्या सुट्टीची खिचडी वाढायला घेतली. किल्ल्यातल्यांना वास आला, ते थाळ्या घेऊन खाली पळाले."

"अहो सर, हीच तर रसद! किल्ला उपाशी राहिला की पडतो. पोरांना ते पुस्तकाशिवाय कळलं!"

मग सर म्हणाले, "ते ठीक आहे. पण परीक्षेत 'रिकाम्या जागा भरा'मध्ये काय भरायचं? खिचडी?"

* * *

मला खरं हरवलं ते गायकरबाईंनी. खाडीकाठच्या एका गावात शिकवतात. माहेर त्याच गावात, सासर पलीकडच्या आळीत. वीस वर्षं इतिहास शिकवतायत आणि निकाल कायम शंभर टक्के. मी विचारलं, "बाई, तुमच्या गावाच्या इतिहासावर एखादा प्रश्न काढा."

"आमच्या गावात इतिहास न्हाय सर."

"असं कसं?"

"चिखल हाय, खाडी हाय, डास हायत. इतिहास पलीकडच्या गावाला हाय. तिथं तोफ हाय!"

सगळे हसले. मी हसलो नाही. तावातावाने म्हणालो, "बाई, तोफ म्हणजे इतिहास नव्हे. आणि तुम्ही वर्गात प्रश्न विचारता तरी का?"

"विचारते की! प्रश्न बी मीच सांगते, उत्तर बी मीच सांगते. पोरांचा वेळ जात न्हाय."

मी नको ते बोललो. म्हणालो, "मग पोरं शाळेत येतात कशाला? टेपरेकॉर्डर लावून जा!" बाईंनी वही मिटली आणि संध्याकाळपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला फार वाईट वाटलं. पण माफी मागायची राहून गेली, आणि मॅडमना दाखवायच्या वर्गांच्या यादीतून मी बाईंचं नाव खोडून टाकलं.

* * *

यादीत वरच्या नंबरावर होती दुसरीच एक शाळा. तिथल्या बाई हुशार, पोरं चुणचुणीत. बाईंनी कळवलं, "सर, आमच्या वर्गात मुलंच प्रश्न विचारतात. उत्स्फूर्तपणे!"

मॅडम भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरल्या. मी पहाटेपासून जेटीवर फेऱ्या मारत होतो. वर्गात पोचलो. धडा सुरू झाला. बाई थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मुलांनो, कोणाला काही प्रश्न पडलाय का?"

कोणी उठेना. बाईंनी परत विचारलं. परत सगळे एकमेकांकडे बघतायत. शेवटी तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "बाई, माझा उत्स्फूर्त प्रश्न क्रमांक तीन आहे. एक नंबरवाला आज आलेला नाही!"

मुनीरसर प्रोजेक्टरच्या वायरीत तोंड खुपसून बसले.

परत जाताना जेटीवर मॅडम एवढंच म्हणाल्या, "दिवाळीला बारा दिवस आहेत." लाँच सुटली तरी मी तिथेच उभा होतो. सहा वर्षं आपण केलं काय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

* * *

चौथ्या दिवशी फोन आला. गायकरबाईंचा!

"सर, आमचा वर्ग बघायला या. पण एक सांगते, मधे बोलायचं न्हाय. तुम्ही लय बोलता."

गेलो. मुनीरसर मॅडमना दाखवायला मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून भिंतीला टेकले. मी शेवटच्या बाकावर. फळ्यावर एकच ओळ होती: 'आपल्या गावचा बांध कसा फुटला?'

खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून या गावांना मातीचे बांध असतात. इथला बांध बाई दहा वर्षांच्या असताना फुटला. भातशेती खारी झाली ती झालीच. निम्मं गाव मुंबईला कामाला गेलं.

बाई म्हणाल्या, "पोरांनो, याचं उत्तर पुस्तकात न्हाय. मला बी ठाऊक न्हाय. तुम्ही घरोघर विचारून आलात. सांगा."

सहा वर्षं ज्या वाक्यासाठी तडफडलो, ते गायकरबाईंच्या तोंडून आलं होतं!

पोरं एकेक करून उठायला लागली. "माझे आजोबा म्हणतात, चिंबोऱ्यांनी बांध पोखरला." बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'साधन क्रमांक एक: चिंबोऱ्या.' दुसरा उठला, त्याच्याही घरी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडेच. तिसरी, चौथा, पाचवी. चिंबोऱ्या, चिंबोऱ्या, चिंबोऱ्या! दहा घरं, दहा म्हातारी माणसं, शब्दसुद्धा तेच.

माझी आशा मावळली. मुनीरसर माझ्या कानाशी वाकले, "हेही पाठ करून घेतलेलं दिसतंय."

अकराव्या नंबरला उठली एक बारीकशी मुलगी. वहीत बघून वाचायला लागली, पण मान वर होईना.

"बाई, माझी आजी म्हणली, चिंबोरी काय फावडं घेऊन येते?"

पोरं खिदळली. बाईसुद्धा हसल्या. "मग? आणखी काय म्हणाली?"

मुलीने वही छातीशी धरली.

"वाच. जे म्हणाली ते वाच."

"म्हणली, त्या दिवशी बांधावर राखणीला तुझ्या बाईंचा बापूस व्हता. त्याला जाऊन इचार."

मुनीरसरांनी मोबाईल खाली घेतला. मी अर्धवट उठलो. काहीतरी बोलून हे आवरावं, विषय बदलावा, असं मला फार वाटलं. बाई पाठमोऱ्या, खडू हातात, फळ्याकडे तोंड करून उभ्या होत्या.

"मुनीरसर, चालू ठेवा," त्या वळून न बघता म्हणाल्या.

मग त्यांनी लिहिलं. अकरा नंबरला मुलीच्या आजीचं म्हणणं, फावड्यासकट, शब्द न गाळता. त्याच्याखाली बारावी ओळ: 'साधन क्रमांक बारा: बाईंचे वडील.'

खडू ठेवला, हात झटकले आणि त्या वर्गाकडे वळल्या.

"उद्या शाळा सुटली की सगळ्यांनी माझ्या माहेरी यायचं. वह्या घेऊन. त्यांना ऐकायला कमी येतं. प्रश्न मोठ्यानं विचारायचा."