आटे ओळखणारा

"आधी हातान फिरव. पानो मगे." कोणी नट आणि पाना घेऊन आला की तो हेच सांगायचा. मालवणच्या जेटीवर माझी चहाची टपरी आणि शेजारी नट-बोल्ट दुरुस्तीचं त्याचं पत्र्याच्या शेडमधलं दुकान. वीस वर्षं हे वाक्य ऐकून माझे कान किटले.

बोटीचं इंजिन तुम्ही पाहिलं असेल. खाऱ्या हवेने त्याचे बोल्ट गंजतात, आटे झिजतात, मग नट धरत नाही. माणसं हातोडीने नट ठोकतात आणि उरलेले आटेही घालवतात. असले बोल्ट याच्याकडे यायचे. तो त्यावर अंगठ्याचं नख फिरवायचा आणि आटे इंची आहेत की मिलिमीटरचे ते सांगायचा. मग तिकोनी कानशीने एकेक आटा मोकळा करायचा. ठोकणाऱ्याला विचारायचा, "नट बसयतस काय नारळ फोडतस, रे?"

एकदा मी त्याला उकळता चहा दिला. त्याने ग्लास मुठीत धरला आणि बोलत राहिला.

"भाजना नाय तुका?" मी विचारलं.

"गरम आसा? माका कळूक नाय, वयनी."

त्याला शुगर होती. बोटांतली जाण गेली होती. मला कळलं, पण मी ते कोणाला सांगितलं नाही. ते काम करणारा दुसरा कोणी नव्हता.

मग व्हायचं ते झालं. एका बोटीच्या बोल्टवर त्याने चुकीची डाय चढवली. डाय म्हणजे आटे कापायची चकती. बोल्ट इंची, डाय मिलिमीटरची. दोन फेऱ्यांत होते तेही आटे कापले गेले. बोटवाले काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "आटे मीच मोडलंय. माझा नख मेला. आता माझ्याकडे कोणी येव नकात." दुकानाला कुलूप लावून तो घरी बसला.

मासेमारीची पावसाळी बंदी संपायच्या आदल्या दिवशी माझ्या मुलाच्या बोटीच्या इंजिनाचा स्टड बिघडला. स्टड म्हणजे इंजिनात रुतवलेला, डोकं नसलेला बोल्ट. मुलानेच नट ठोकून बसवला होता. गंजलेला स्टड काढायला जावं तर आतच मोडायचा. सकाळी सगळ्या बोटी निघणार आणि आमची राहणार. मी त्या दुकानवाल्याच्या घरी गेले.

"माका जमाचा नाय."

"जमता काय नाय ता बोटीर येवन सांग. हंय बसान नको."

आला. इंजिनापाशी वाकला, नख लावलं, काही कळेना तशी नकाराची मान हलवली. मग चिंधीने स्टड पुसला आणि त्याला खालचा ओठ टेकवला. मुलगा हसला. मी मुलाच्या पाठीत धपाटा घातला.

ओठ वरपासून खालपर्यंत सावकाश फिरला. "इंची आसा," तो म्हणाला. "वरचे तीन मेले. खालचे जिते आसत."

कानस चालवायची, ओठ लावायचा, पुन्हा कानस. दुपार त्यात गेली. शेवटी त्याने नट ठेवून दोन बोटांनी फिरवला. नट तळापर्यंत गेला.

त्याचं तोंड ग्रीसने काळं झालं होतं. मी साबण दिला. "बायल घरात घेवची नाय आता," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं. तो बोल्ट ओठाला लावायचा तेव्हा लोक हसायचे. तो हसू द्यायचा. असे दोन हंगाम त्याने काम केलं आणि शुगरनेच गेला.

तो गेला त्या दिवशी मी टपरी बंद ठेवली नाही. माणसं चहा पिऊन समुद्रात गेली. इंजिन बिघडलं म्हणून एकही बोट किनाऱ्याला राहिली नव्हती.